शिवोलीतला एकट्याचा बँड

दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या कँटीनमध्ये एक वाद झाला. विषय फालतूच, पण शुक्रवारी दुपारी चार वाजता दुसरं काय सुचणार? कुणाच्या तरी मोबाईलवर 'हम्मा हम्मा' वाजत होतं, २०१७ च्या 'ओके जानू'मधलं, बादशाहवालं. एक ज्युनिअर म्हणाली, मस्त गाणं आहे. दुसरा म्हणाला, हे मूळ 'बॉम्बे'मधलं, रहमानचं. तिसरा म्हणाला, गायलंय पण रहमाननेच. इथे मला राहवलं नाही. १९९५ च्या 'बॉम्बे'च्या तमिळ आवृत्तीत रहमान गायलाय हे खरं, पण आपण हिंदीत जे ऐकतो तो आवाज रेमो फर्नांडिसचा. 'कोण रेमो? तो डान्सवाला?' असा प्रश्न आला आणि मी चहा संपवून मुकाट जागेवर जाऊन बसलो.

पण ते डोक्यातून जाईना. कारण ज्यांना रेमो माहीत आहे त्यांनाही तो असाच माहीत आहे: 'हम्मा हम्मा'वाला, किंवा 'प्यार तो होना ही था'वाला (१९९८, जतीन-ललित, सोबत जसपिंदर नरुला). दोन फिल्मी गाणी म्हटलेला एक गोवेकर. माझ्या मते ही दोन गाणी म्हणजे त्याच्या कामाचं शेपूट आहे. हत्ती वेगळाच आहे आणि तो १९८४ मध्ये शिवोलीतल्या एका घरात होता. त्या हत्तीबद्दल ह्या वीकेंडला लिहायचं ठरवलं.

आधी थोडं मागे जावं लागेल, कारण रेमोने काय केलं हे कळायला त्याच्या आधीचे गोवेकर काय करत होते ते माहीत हवं.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या जोडीने पॅरिश स्कूल असायची आणि तिथे मुलांना पाश्चात्य संगीताचं नोटेशन शिकवत. म्हणजे गावातला गरीबातला गरीब पोरगाही कागदावरचं संगीत वाचू-लिहू शकायचा, व्हायोलिन वाजवायचा. ब्रिटिश हिंदुस्थानात हे कौशल्य दुर्मिळ. त्यामुळे हे लोक मुंबईला आले. जहाजांवर, हॉटेलांत, जॅझ बँडमध्ये वाजवू लागले आणि बोलपट आल्यावर सिनेमात शिरले. आपल्या संगीतकारांना चाली सुचायच्या. पण साठ माणसांच्या ऑर्केस्ट्राला कागदावर काय लिहून द्यायचं हे ज्यांना यायचं ते बहुतेक गोवेकर. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तलं (१९७७) ते नाव त्यांच्यावरून आलं. अख्ख्या देशाने ते नाव गुणगुणलं आणि खरा अँथनी गोन्साल्विस कोण हे फार थोड्यांना माहीत होतं. ह्या लोकांना अरेंजर म्हणत. पोस्टरवर त्यांचं नाव नसे, पडद्यावर असलं तर असलं. (ह्या सगळ्या मंडळींवर नरेश फर्नांडिसचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे २०१२ चं पुस्तक आहे. इंग्रजी आहे, पण जरूर वाचा.)

तर परंपरा अशी: गोव्यात शिकायचं, मुंबईला जायचं, दुसऱ्याच्या नावाखाली वाजवायचं.

रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा, बार्देशातल्या शिवोलीचा. गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा. लंडनहून आलेल्या एका नातेवाइकाने रेकॉर्ड्स आणल्या, त्यात बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' होतं, आणि सात वर्षांच्या पोराला त्या संगीताने पछाडलं. पुढे शाळेत गिटार, 'बीट फोर' नावाचा बँड, स्वतःची गाणी. एक गोष्ट मला गंमतशीर वाटते. हा पोरगा गिटारवर बीटल्स बसवत होता त्याच सुमारास, जानेवारी १९६७ मध्ये, गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? आपण शाळेच्या इतिहासात ते दोन ओळींत वाचतो. पण त्या प्रचारात उल्हास बुयांव कोंकणी गाणी गात गावोगाव फिरत होते आणि त्या गाण्यांनी मतं फिरवली असं गोव्यातली जुनी माणसं आजही सांगतात. गाण्याने राजकारण हलतं हे त्या पिढीने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. रेमोवर त्याचा किती परिणाम झाला हे मी कसं सांगणार, पण त्याची पुढची गाणी ऐकताना मला हे आठवतंच.

नंतर तो मुंबईला आला, जेजेत आर्किटेक्चर शिकायला. डिग्री घेतली. मुंबईत 'सॅव्हेजेस' ह्या तेव्हाच्या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवलं. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत भटकला, पॅरिसमध्ये 'रॉक सिनर्जी' नावाच्या फ्यूजन बँडबरोबर वाजवलं. इथपर्यंतची गोष्ट सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही हिप्पी तरुणाची असू शकते.

वेगळं घडलं ते परत आल्यावर. त्याची गाणी इंग्रजीत, चाली रॉकच्या, विषय गोव्याचे. मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांनी काही दाद दिली नाही. त्यांच्या बाजूनेही विचार करून पाहिला मी. भारतात इंग्रजी रॉक ऐकणारे तेव्हा होते, पण त्यांना विलायती बँड हवे असायचे. देशी बँडने विलायती गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या. स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक पाणी प्यायला उठायचे. असा माल कोण छापणार? रेमोपुढे सोपा रस्ता होता, मुंबईत राहायचं आणि सिनेमात वाजवायचं. जुन्या परंपरेप्रमाणे. तो शिवोलीत राहिला, घरी एक फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर ठेवला आणि कामाला लागला.

आता जरा तांत्रिक. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण खरी मजा इथेच आहे असं माझं प्रामाणिक मत.

आपली साधी कॅसेट घ्या. चार मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीची फीत. तिच्यावर चार समांतर पट्टे असतात: ए बाजूचा डावा-उजवा आणि बी बाजूचा डावा-उजवा. कॅसेट उलटली की दुसरे दोन वाजतात. १९७९ मध्ये टीएक कंपनीने एक यंत्र काढलं, पोर्टास्टुडिओ. त्यात युक्ती अशी की चारही पट्टे एकाच दिशेने आणि वेगवेगळे वापरायचे. पहिल्यावर ताल टाका. तो ऐकत ऐकत दुसऱ्यावर बास. मग तिसऱ्यावर गिटार, चौथ्यावर आवाज. ह्या कॅसेटला बी बाजू उरत नाही. शिवाय आवाज चांगला यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने पळायची. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंधरा मिनिटं! पण त्याआधी असं काम करायला मोठा स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागे, आता ते टेबलावर आलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' असाच घरातल्या पोर्टास्टुडिओवर झाला. अर्थात त्याच्यामागे कंपनी उभी होती.

आता प्रश्न. रेमो एकटा. गिटार तो, बास तो, बासरी तो, कीबोर्ड तो, ताल तो, मुख्य आवाज तो आणि मागचा कोरसही तोच. एवढं सगळं चार पट्ट्यांत बसणार कसं? फोर-ट्रॅकवर ह्याला एकच उपाय असतो, त्याला बाउन्स म्हणतात. तीन पट्टे भरायचे, त्यांचं मिश्रण करून चौथ्यावर उतरवायचं. मग पहिले तीन पुसायचे आणि त्यांच्यावर नवीन वाद्यं घ्यायची. हवं तर पुन्हा बाउन्स.

ह्यात दोन भानगडी आहेत. एक म्हणजे फितीची खरखर. प्रत्येक पट्ट्याची स्वतःची सूं असते. तीन एकत्र केले की तिन्हींची बेरीज होते आणि पुढच्या बाउन्सला ती बेरीजही जशीच्या तशी सोबत येते. दुसरी भानगड जास्त गंभीर. एकदा बाउन्स केलं की परत फिरणं नाही. बासचा आवाज जरा मोठा राहिला हे तुम्हाला सहा वाद्यं चढवल्यावर कळलं, तर काही करता येत नाही, कारण बास आता एका गोळ्यात मिसळून गेलाय आणि मूळ पट्टा पुसलाय. अनडू नाही. व्हर्जन कंट्रोल नाही. आपण दिवसभर बॅकअपवर बॅकअप ठेवून कोड लिहिणारे लोक. सगळं थेट प्रॉडक्शनवर आणि आधीची प्रत डिलीट, अशा अवस्थेत कुणी मला काम सांगितलं तर मी आजारपणाची रजा टाकीन.

म्हणून अशा माणसाला गाणं सुरू करायच्या आधी शेवटचं गाणं डोक्यात ऐकू यावं लागतं. कुठलं वाद्य आधी, कुठलं शेवटी, कशाला किती जागा. जे आधी घ्याल ते दबत जाणार, जे शेवटी घ्याल ते स्वच्छ राहणार. मला वाटतं इथे त्याचं आर्किटेक्चर कामी आलं असणार. पाया ओतल्यावर खांबाची जागा बदलता येत नाही हे त्या शिक्षणात पहिल्याच वर्षी कळतं. हा माझा अंदाज, पण मला तो पटतो.

एकट्याने अख्खा अल्बम करणं जगात नवीन नव्हतं. पॉल मॅकार्टनीने १९७० चा पहिला सोलो अल्बम बराचसा घरी चार ट्रॅकच्या मशीनवर केला. टॉड रंडग्रेनने १९७२ च्या आपल्या दुहेरी अल्बमच्या चारपैकी तीन बाजू एकट्याने वाजवल्या, गायल्या, निर्मिल्या. पण ह्यांच्या मागे कंपन्या, प्रेस, दुकानांचं जाळं होतं. मॅकार्टनीला रेकॉर्ड विकायला घरोघरी जावं लागलं नाही.

रेमोला लागलं. १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' तयार झाला. शब्द, चाली, वाद्यं, आवाज, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, निर्मिती सगळं त्याचंच, कव्हरचं डिझाईनसुद्धा. आणि मग ह्या माणसाने आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेट लादल्या आणि गोवाभर दुकानादुकानांत जाऊन ठेवल्या. संपल्या की परत जायचं. सप्लाय चेन म्हणजे एक स्कूटर :)

कॅसेट खपली. आणि एका अर्थाने ती त्याच वेळी खपू शकत होती. दहा वर्षं आधी हे शक्यच नव्हतं. तबकडीच्या जमान्यात देशात एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी. रेकॉर्ड छापायला कारखाना लागतो, वाजवायला महागडं यंत्र लागतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखातातून येणाऱ्यांनी टू-इन-वन आणले, ऐंशीच्या सुरुवातीला आयात-उत्पादनाचे नियम सैल झाले, गुलशन कुमारसारखे लोक उतरले आणि कॅसेट स्वस्त झाली. कॅसेट कुठेही कॉपी करता येते. कारखाना नको, दोन डेक पुरतात. पीटर मॅन्युएल नावाच्या अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) ह्याच विषयावर आहे. त्याचा मुद्दा असा की कॅसेटने मुंबईच्या सिनेसंगीताची मक्तेदारी पहिल्यांदा मोडली आणि ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा बोलींना, जातींना, गावांना आवाज मिळाला.

आमच्या मराठवाड्यात हे वेगळं सांगायला नको. मी रेणापूरचा. माझ्या वाट्याला कॅसेट आल्या त्या शेवटच्या काळातल्या, घरात पडून राहिलेल्या, पेन्सिलीने फीत गुंडाळायच्या वयातल्या. पण त्या कुणाच्या होत्या? प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, आनंद-मिलिंद शिंद्यांची लोकगीतं, भीमगीतं, रेणुकादेवीच्या आरत्या आणि गोंधळाची गाणी. लातूरला गंजगोलाईत बाजाराला गेलं की एखादी कॅसेट यायचीच. ह्यातलं फार थोडं सिनेमातलं. आनंद शिंद्यांचा पोपट महाराष्ट्रभर उडाला तो रेडिओच्या नाही, कॅसेटच्या पंखांवर. म्हणजे शिवोलीचा इंग्रजी रॉकवाला आणि आमच्याकडचा भीमगीतवाला, दोघं एकाच यंत्राची लेकरं. एकमेकांना ओळखत नसतील, पण भावकी तीच. अभ्यासू लोक ह्यांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात. एक 'पॉप', एक 'लोकसंगीत'. मला तो भेद फार खरा वाटत नाही.

१९८५ मध्ये रेमोने 'ओल्ड गोअन गोल्ड' काढला, जुन्या कोंकणी आणि पोर्तुगीज गाण्यांचा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आदल्या वर्षी स्वतःची रॉक गाणी केलेला माणूस दुसऱ्या वर्षी आज्या-पणज्यांची गाणी घेऊन त्याच घरात बसतो. त्याच सुमारास श्याम बेनेगल गोव्यात 'त्रिकाल' करत होते. त्यात वनराज भाटियांच्या संगीतात रेमो आणि अलिशा चिनॉय गायले. देशाला तो तिथे पहिल्यांदा दिसला. मग गोष्टी भराभर झाल्या. १९८६ मध्ये पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गीतमहोत्सवात तीन बक्षिसं. त्याच वर्षी 'पॅक दॅट स्मॅक', गर्द-ब्राउन शुगरच्या विरोधात. १९८७ मध्ये 'बॉम्बे सिटी' आणि पंकज पराशरच्या 'जलवा'चं शीर्षकगीत. ज्या मुंबईने नाही म्हटलं होतं तिथल्या कंपन्या आता दारात होत्या.

राजीव गांधींचा किस्सा ह्याच काळातला. पंतप्रधान गोव्यात आले असताना सरकारी कार्यक्रमात रेमोने थेट त्यांना उद्देशून, 'हॅलो' म्हणत, एक गाणं गायलं. त्यात गोव्याची गाऱ्हाणी होती. स्थानिक वर्तमानपत्रं आणि अधिकारी खवळले, पंतप्रधानांचा अपमान झाला म्हणून. रेमोने ती कात्रणं सरळ राजीव गांधींनाच पाठवली. उत्तर आलं की त्यांना आणि त्यांच्या पत्नीला कार्यक्रम आवडला. आज असा कार्यक्रम, असं गाणं, असं उत्तर... असो. टेलिफोन खात्याची टर उडवणारंही त्याचं एक गाणं आहे, ग्रॅहम बेलच्या नावाने. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या देशात ते गाणं किती चपखल बसलं असेल ते आपल्याला दोन सिमवाल्यांना काय कळणार. १९९२ च्या अल्बमचं नावच मुळी राजकारण्यांना रॉक अँड रोल येत नाही अशा अर्थाचं.

आता मराठी माणूस म्हणून एक खंत. आपल्याकडे असा कुणी नव्हता का? होता. नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा मुलगा. मुंबईच्या रॉक वर्तुळातला खणखणीत आवाज. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास. आणि १९७८ मध्ये पुलंनी ब्रेख्तवरून केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात, हा रॉकवाला मराठी रंगभूमीवर उभा राहिला. मराठी शब्द आणि रॉकचा गळा एकत्र बसतात हे तिथे सिद्ध झालं होतं. पुढे त्याने टीव्हीसाठी संगीत केलं, नव्या मुलांना शिकवलं, २०१४ मध्ये गेला. पण त्याच्या नावावर 'गोअन क्रेझी'सारखा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःचा, मराठी अल्बम ऐंशीच्या दशकात का आला नाही? गळा होता, भाषा होती, श्रोते तर गोव्याच्या कितीतरी पट होते. माझं उत्तर जरा कडू आहे. मुंबईत काम मिळत होतं. नाटक होतं, जाहिराती होत्या, टीव्ही होता. शिवोलीत काहीच नव्हतं, म्हणून तिथे सगळं स्वतः करावं लागलं.

हे मी एका मित्राला ऐकवलं, तर त्याने माझी चांगलीच उतरवली.

हा मित्र रेणापूरचाच, माझा वर्गमित्र. मी इंजिनिअरिंग करून पुण्याला आलो, तो लातूर रोडला एका खोलीत स्टुडिओ टाकून बसला. भिंतीला अंड्यांचे ट्रे, एक कंडेन्सर माईक, जुना कॉम्प्युटर, कीबोर्ड. नवरात्रात देवीची गाणी, एप्रिलमध्ये भीमगीतं, लग्नसराईत हळदीची गाणी. गायक येतो, चाल गुणगुणतो. ढोलकी, हलगी, बास, सिंथ, कोरस, मिक्सिंग सगळं हाच करतो. गाणं युट्यूबवर चढतं; गायकाचं नाव, गीतकाराचं नाव, पैसे घालणाऱ्याचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात. ह्याचं कुठेच नाही. एका गाण्याचे व्ह्यूज लाखांत गेले तेव्हा ह्याला मिळाले होते अडीच हजार, तेही दोन हप्त्यांत. आता तो म्हणतोय पुण्याला येतो, तिथे मोठ्या स्टुडिओत नोकरी बघतो. मी त्याला फोनवर तासभर रेमो सांगितला. अरेंजर गोवेकरांची गोष्ट सांगितली, स्कूटर सांगितली. म्हटलं, गावातच राहा, तुझ्या नावाने काढ.

तो शांतपणे म्हणाला, 'लेका, त्याच्याकडं जेजेची डिग्री होती, राहायला बापजाद्याचं घर होतं. अन् गोव्यात त्याला ऐकायला साऱ्या दुनियेचे टुरिस्ट यायचे. रेणापूरला देवीच्या जत्रंला येत्यात ते पाच रुपयाचं कुंकू घेऊन जात्यात.'

त्याचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवत होतो. त्यात तथ्य आहे. रेमोची गोष्ट सांगताना आपण स्कूटरवर फोकस टाकतो, घर अंधारात ठेवतो. घरभाडं नसणं हेही एक वाद्यच आहे, आणि ते सगळ्यांना वाजवता येत नाही. पण एक गोष्ट मी मित्राला पुन्हा सांगितली आणि इथेही लिहितो. रेमोच्या कव्हरवर त्याचं नाव होतं ते डिग्रीमुळे नाही. त्याने फीत स्वतःकडे ठेवली म्हणून. मास्टर ज्याच्या हातात, गाणं त्याचं. मित्राच्या हार्ड डिस्कवर गेल्या सहा वर्षांतल्या सगळ्या गाण्यांचे मूळ ट्रॅक पडून आहेत आणि एकाही गाण्याचा साधा कागद केलेला नाही. पुण्याला ये की नको हा नंतरचा प्रश्न. पुढच्या गाण्याला अर्धं पान लिहून सही घे, एवढं तरी कर. 'बघतो' म्हणाला. गिऱ्हाईक पळेल ही भीती त्याला आहे, आणि ती खोटी आहे असं मी पुण्यात बसून कसं म्हणू?

परत रेमोकडे. नव्वदचं दशक त्याला पैसा आणि प्रसिद्धी देऊन गेलं. 'हम्मा हम्मा', मग १९९८ मध्ये 'ओ मेरी मुन्नी' हा हिंदी पॉप अल्बम आणि 'प्यार तो होना ही था', टीव्हीवर व्हिडिओ. इंडिपॉपच्या लाटेत तो मोठा तारा होता. माझं मत विचाराल तर ह्या काळात आवाज सुधारला, स्टुडिओ सुधारले, आणि गाणी पातळ झाली. हिंदी रेमो मला कधीकधी इंग्रजी रेमोची जाहिरात वाटतो. खोडकरपणा आहे, चावा नाही. चाहते रागावतील, पण एकदा 'बॉम्बे सिटी' आणि 'ओ मेरी मुन्नी' पाठोपाठ ऐकून बघा आणि मग रागवा.

२००७ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, नाव नुसतंच 'रेमो'. जाडजूड आहे.

ऐकायचं असेल तर क्रम असा धरा: आधी 'गोअन क्रेझी', लगेच 'ओल्ड गोअन गोल्ड', मग 'पॅक दॅट स्मॅक'. लॅपटॉपच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. 'गोअन क्रेझी'त मागचा कोरस आला की एकेक आवाज वेगळा काढायचा प्रयत्न करा. ती सगळी एकाच माणसाची भावंडं आहेत. आणि कडव्याच्या शेवटी वाद्यं थांबतात तिथे आवाज थोडा वाढवा. फितीची सूं सापडते का बघा. मला एके ठिकाणी सापडली असं वाटतंय. कदाचित ती माझ्या हेडफोनचीही असेल.